घागर, माशी आणि धुरी सर

धुरी सरांना ऐकू कमी यायचं, पण ते बोलणं बघायचे. मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात दोन मुलं त्यांच्याबद्दल काही कुजबुजली, की सर इकडून शांतपणे म्हणायचे, "मोरे, टक्कल माझं आहे. थंडी तुला कशाला वाजते?"

नव्या मुलांना ही जादू वाटायची. जादू काही नव्हती. सरांनी बावीस वर्षं कापडाच्या गिरणीत साच्यावर काम केलं होतं. साचाखात्यात शेकडो माग एकदम चालायचे, त्या आवाजात शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नसे. त्यामुळे तिथे सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायला शिकायचे. कान गेले आणि डोळ्यांना कान फुटले, असं सर म्हणायचे. मग मोठा संप झाला, गिरणीला कुलूप लागलं ते उघडलंच नाही, आणि सर आमच्या मुलुंडच्या कॉलेजात जिमखान्याचे शिपाई म्हणून आले. किल्ल्यांचा जुडगा, कॅरमची पावडर आणि व्हॉलीबॉलची फाटकी जाळी एवढं त्यांच्या ताब्यात होतं.

मी त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. त्यांच्या टीममधले खेळाडू माझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखतात. मी खेळाडू नव्हतो. परभणीकडून आलेल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा कांजूरमार्गला रंगाच्या कारखान्यात डबे भरायचे. मला कॉलेजात दोन जागांची भीती वाटायची, कँटीनची आणि मैदानाची. दोन्हीकडे मोठ्यानं बोलावं लागे. म्हणून मी लायब्ररीत डिक्शनरी घेऊन बसायचो. पण ज्या गोष्टीमुळे सर जवळजवळ नापास होणार होते ती माझ्या हातून झाली, म्हणून मीच लिहिलेलं बरं.

आमच्या कॉलेजात बेसबॉल आला तो एका चुकीनं. पंच्याऐंशी साली खेळांच्या यादीचा फॉर्म भरताना ऑफिसातल्या लिमयांनी बास्केटबॉलच्या ऐवजी बेसबॉल टाइप केलं. सही झाली, फॉर्म गेला, आणि दोन महिन्यांनी एक मोठं खोकं आलं. त्यात तीन लाकडी बॅटी, चेंडू झेलायचे चामड्याचे पाच पंजे, लोखंडी जाळीचा एक मुखवटा आणि पांढरे चेंडू होते. प्रिन्सिपॉलसाहेब चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "आपण मुद्दामच मागवलं. नवा खेळ आहे, मुलांनी शिकावा." खेळाचे सर त्याच वर्षी नोकरी सोडून गेले होते. साहेबांनी धुरींना बोलावलं.

"तुम्ही मिलच्या टीमचे कॅप्टन होता ना?"

"कबड्डीच्या, साहेब."

"मग झालं. यातही धावायचंच आहे."

हा संवाद सर आम्हाला अधूनमधून करून दाखवायचे, दोन्ही आवाजांत. साहेबांचं वाक्य म्हणताना ते चष्मा नसलेल्या नाकावरून चष्मा वर सरकवायचे.

खोक्याच्या झाकणावर मैदानाचं एक चित्र होतं. चार कोपऱ्यांना चार पाट, मधे एक माणूस, एका पाटाशी बॅट घेतलेला दुसरा माणूस. नियमांचं पुस्तक नव्हतं. सरांनी ते झाकण दोन दिवस समोर ठेवलं आणि कबड्डीच्या ज्ञानावर खेळ उभा केला. पाटांच्या जागी गोणपाटाच्या पिशव्यांत लाकडाचा भुसा भरून बेस शिवले. मुलं गोळा केली. भांडुपचा मोरे कबड्डीतला, तावडे क्रिकेटमधला, बाकीचे कुठेच निवड न झालेले. सरांनी त्यांना सांगितलं, "मारायचं, समोरचा पाट शिवायचा आणि जिवंत परत यायचं. खेळ सगळे सारखेच रे."

सराव सकाळी सातला. सर त्याला पहिली पाळी म्हणायचे. सव्वाआठला ते तोंडानं गिरणीचा भोंगा काढायचे, इतका हुबेहूब की समोरच्या सोसायटीतले एक आजोबा गॅलरीत येऊन घड्याळ लावून घ्यायचे. भोंगा झाला की पाळी सुटली. मग कितीही रंगात आलेला खेळ असो, सर चेंडू खिशात टाकायचे.

तावडेची खोड वेगळीच. क्रिकेटमध्ये धावताना बॅट हातात असते, त्यामुळे हा चेंडू मारला की बॅटसकट पळायचा. बेसवर पोचल्यावर बॅट टेकवून उभा राहायचा, जणू क्रीज गाठली.

"तावड्या, बॅट टाक रे."

"सवय आहे सर."

"कोण चोरत नाय तुझी बॅट. मी इथे शिपाईच आहे ना."

पहिली मॅच घाटकोपरच्या एका कॉलेजातल्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमशी झाली. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ, त्या मुली तो चार वर्षं खेळत होत्या. आमच्या पोरांनी जाताना बरंच काही ठरवलं होतं, जास्त हरवायचं नाही वगैरे. मोरेनं पहिलाच चेंडू सणसणीत मारला. पहिल्या बेसकडे धावला, पायानं शिवला आणि वळून जीव खाऊन परत सुरुवातीच्या जागी आला. ज्या मुलीच्या हातात चेंडू होता तिला तो कुणाकडे टाकायचा तेच कळेना. मुखवटा घातलेली मुलगी खालीच बसली.

"अहो, परत का आलात?" तिनं विचारलं.

मोरे धापा टाकत म्हणाला, "जिवंत आलो."

त्यानंतर ती मॅच झालीच नाही म्हणायची. मुली हसून दमल्या. आमची पोरं मान खाली घालून उभी. सर मात्र सरळ त्या मुखवटेवालीसमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाय, आमचं काय चुकलं ते सांग." सरांचं वय बघून ती गडबडली. म्हणाली, "काका, परत नाही यायचं. पुढेच जायचं. पहिला, दुसरा, तिसरा, आणि फिरून घरी."

सर घरी पोचेपर्यंत तेच म्हणत होते, असं मोरे सांगतो. पुढेच जायचं आणि फिरून घरी.

त्या मुलींच्या बाईंनी सरांना नियमांचं पुस्तक दिलं. ते इंग्रजीत. सर रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, पण मराठी. दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत आले. मी कोपऱ्यात बसलो होतो. त्यांनी माझ्यासमोरच्या डिक्शनरीकडे बघितलं आणि पुस्तक तिच्याशेजारी ठेवलं.

"तू ही वाचतोस ना?"

"हो."

"मग हे पण वाच."

तेव्हापासून सर मला डिक्शनरी म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

रोज चार वाजता जिमखान्याच्या खोलीत गादीवर बसून मी एका दोनशेपानी वहीत भाषांतर करायचो. मी हा खेळ कधी बघितला नव्हता. इंग्रजीही माझं जेमतेम. पण डिक्शनरीवर माझा विश्वास होता. पुस्तकात मधे उभ्या असलेल्या माणसाला पिचर म्हटलं होतं. डिक्शनरीत पिचर म्हणजे घागर. मी थोडा थबकलो. मग विचार केला, क्रिकेटमध्ये गली असते, तर बेसबॉलमध्ये घागर का नसावी. लिहिलं, 'घागरीने फलंदाजाकडे तोंड करून उभे राहावे.' फ्लाय म्हणजे माशी. सॅक्रिफाइस म्हणजे बलिदान. म्हणून उंच चेंडू मारून स्वतः बाद व्हायचं आणि पुढच्या धावणाऱ्याला घरी आणायचं, याला मी लिहिलं, 'माशीचे बलिदान.' मला ते थोडं काव्यमयही वाटलं.

मग स्ट्राइक आला. डिक्शनरीत दोन अर्थ होते, मारणे आणि संप. मी बराच वेळ पेन्सिल चावली. पुस्तकात तर बॅटला चेंडू लागलाच नाही की स्ट्राइक म्हणतात. मग मारणे कसं असेल? बॅटनं काम केलं नाही, म्हणजे संपच. मी लिहिलं, 'तीन संप झाल्यास फलंदाज बाद होतो.'

सरांनी ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. तेवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, पण आवाज येत नव्हता. हसता हसता ते गादीवर आडवे झाले. डोळे पुसून म्हणाले, "ह्या बरा हा रे. हेंका तीन तरी गावतत. आमका एकातच बाद केल्यानी."

ते मालवणीत गेले म्हणजे मनापासून बोलताहेत, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी नुसताच त्यांच्याबरोबर हसलो. कुणाबरोबर इतक्या मोठ्यानं हसण्याची कॉलेजातली माझी ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर माझी वही बोलायला लागली. "घागर, खांदा सरळ." "दोन संप झाले, आता बघून मार." "माशी आली, माशी, धर." तावडे घागर झाला, आणि कॉलेजभर त्याला घागर म्हणायला लागले. तो माझ्याकडे जळजळीत नजरेनं बघायचा, पण चेंडू झकास टाकायचा.

अंधेरीच्या एका टीमशी मॅच होती. ते आमचं ओरडणं ऐकून चक्रावले. त्यांच्या कोचना वाटलं ही काहीतरी गुप्त भाषा आहे. माशी म्हटलं की ते आपली मुलं मागे नेत, घागर म्हटलं की पुढे आणत. आणि आमचे सर बाकावर बसून त्या कोचच्या ओठांकडे बघत होते. ते आपल्या मुलाला काय सांगताहेत ते शब्दन् शब्द वाचून मोरेला सांगायचे, "आता हळू टाकणार, थांबून मार." ती मॅच आम्ही जिंकलो. पुढच्या वेळी ते कोच तोंडासमोर चामड्याचा पंजा धरून बोलायला लागले. सर म्हणाले, "बघा, नव्या नवरीनं पदर घेतला."

असं दीड वर्ष गेलं. सर अजूनही कागदावर शिपाईच होते. सकाळी कोच, साडेआठनंतर शिपाई. एखादे लेक्चरर "धुरी, जरा खडू आणा" म्हणाले की हातातला चेंडू खिशात टाकून ते जायचे. आमच्यातला कुणी चिडला तर म्हणायचे, "दोन पाळ्या करतो मी. तुला कशाला त्रास?"

मग पत्र आलं. पुढच्या वर्षापासून ज्याच्याकडे प्रशिक्षकाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट असेल त्यालाच टीम घेऊन उतरता येईल. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावून सांगितलं, पास झालात तर तुम्हाला रीतसर कोच करू, स्टाफमध्ये घेऊ. नाही तर खेळ बंद, खोकं माळ्यावर. सर बाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, "पोरांनो, मी आता विद्यार्थी."

परीक्षा मरोळला, महिन्याभरानं. लेखी मराठीत चालणार होतं. सरांनी माझी वही पाठ करायला घेतली. शब्दन् शब्द. साच्यावर धागा तुटला की हात आपोआप जायचा, तसं उत्तर आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जिमखान्यात कॅरम खेळणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणायचे, "घागरीने पाय फळीवर ठेवावा."

परीक्षेला आठ दिवस असताना इंग्रजीच्या सबनीस बाई लायब्ररीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. वही उघडी होती. त्यांनी एक पान वाचलं, मग रुमाल तोंडाला लावला.

"अरे, पिचर म्हणजे इथे चेंडू टाकणारा. फ्लाय म्हणजे हवेतला चेंडू. आणि हा संप कुठून आणलास?"

माझी वाट लागली. मी त्या दिवशी जेवलो नाही. माझ्यामुळे सर नापास होणार, आणि खडू आणत राहणार, असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी गेलो, वही त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "सर, हे सगळं चुकलंय."

मी काय चुकलं ते एकेक सांगितलं. सर माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे घागर नाय?"

"नाही सर."

"माशी पण नाय?"

"नाही."

त्यांनी वही हातात घेतली, पानं चाळली. "बघ, आठ दिवसांत काय ही घागर फुटणार नाही. डोक्यात पक्की बसलीय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "रडतोस कशाला? जो चेंडू टाकतो तो मला माहीत आहे. कुठे उभा राहतो, पाय कुठे ठेवतो, ते पण. त्याचं नाव काय ठेवायचं हे त्याच्या आईबापाचं काम, आपलं नाय."

तरी मी आठ दिवस त्यांना खरे शब्द घोकायला लावले. ते म्हणायचे, "पिचर, पिचर, पिचर," आणि मैदानात गेले की, "घागर, वाक जरा."

मरोळला रविवारी सकाळी आम्ही सगळेच गेलो. प्रात्यक्षिकासाठी टीम न्यायची होती. एका शाळेत लेखी झालं. बाकीचे उमेदवार खेळाचे शिक्षक, पांढऱ्या पँटीतले, गळ्यात शिट्ट्या. आमचे सर इस्त्रीच्या खाकी पँटीत. दोन तासांनी ते बाहेर आले तेव्हा बोटं शाईनं निळी झाली होती.

"कसा गेला, सर?"

"पूर्ण लिहिला."

"पिचर लिहिलंत ना?"

सर आभाळाकडे बघायला लागले. मोरे म्हणाला, "मेलो."

जेवणानंतर मैदानावर प्रात्यक्षिक होतं. पलीकडच्या टोकाला मंडपात दोन परीक्षक बसले होते. एक मिशीवाले मोठे, त्यांना सगळे मेजरसाहेब म्हणत होते. दुसरे चष्मेवाले. त्यांच्यासमोर पेपरांचा गठ्ठा. आम्ही लांब उभे होतो, आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. सर मात्र टक लावून बघत होते.

"काय म्हणतायत, सर?" तावडेनं विचारलं.

सर सांगायला लागले, मजकूर वाचून दाखवावा तसे. "चष्मेवाला म्हणतो, हा पेपर बघा. मेजर म्हणतो, घागर? चष्मेवाला म्हणतो, पुढे तर माशी आहे. मेजर म्हणतो, माणूस दारू पिऊन आलाय काय."

आमच्यापैकी कुणीच हसलं नाही.

"आता चष्मेवाला म्हणतो, शून्य द्या आणि सोडा."

मग सरांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्याच्यानं होईल असं मला वाटलं नव्हतं. खडू आणायला सांगितल्यावर निमूट जाणारा तो माणूस, बोलावणं नसताना, मैदान ओलांडून सरळ मंडपाकडे चालू लागला. आम्ही मागोमाग धावलो.

"साहेब," सर म्हणाले, "शून्य द्यायच्या आधी विचारून बघा. मी पिऊन आलेलो नाय."

दोघं दचकले. एवढ्या लांबून याला कसं ऐकू आलं, ते त्यांना कळेना. मेजरसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "तुम्ही धुरी? ही घागर काय भानगड आहे?"

सरांनी तावडेला हात केला. "घागर, उभा राहा." तावडे चेंडू घेऊन उभा राहिला. सरांनी त्याचा पाय, गुडघा, खांदा, मनगट एकेक करून दाखवलं. चेंडू कसा धरला की वळतो, कसा सोडला की बुडतो. मेजरसाहेब खुर्चीतून उठले.

"एक माणूस बाद आहे. तिसऱ्या बेसवर तुमचा मुलगा. फलंदाजानं उंच मारला, समोरच्या टीमनं लांब झेल घेतला. तिसऱ्यावरच्यानं काय करायचं?"

"पाय बेसला चिकटवून थांबायचं. झेल हातात पडला की सुटायचं. आधी सुटला तर तो पण मेला."

"याला काय म्हणतात?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. खरे शब्द त्यांना पाठ होते, मी स्वतः पाठ करून घेतले होते. त्यांच्या ओठांवर ते आलेलेही मला दिसले. पण घाबरून मीच जमिनीकडे बघायला लागलो. मग सर माझ्याच वहीतल्या शब्दांत म्हणाले, "माशीचं बलिदान, साहेब."

चष्मेवाले हसू दाबायला खाली वाकले. मेजरसाहेब हसले नाहीत. त्यांनी आणखी प्रश्न विचारले, पंधरा-वीस तरी. एकाहून एक अवघड. कोणता बेस आधी, कुणाला स्पर्श करायचा, कुठे नुसता बेस शिवून चालतं. सर प्रत्येक वेळी मुलं उभी करून दाखवत होते. बाकीचे शिट्टीवाले उमेदवार येऊन गोल करून बघायला लागले. त्यातला एक जण खिशातली वही काढून लिहूनच घेऊ लागला. मोरे एवढा रंगात आला की त्यानं न सांगता दोनदा घसरून दाखवलं.

शेवटी मेजरसाहेब म्हणाले, "बरं. दोन संप झाले आहेत, आणि घागर घाबरलीय. तुम्ही कोच आहात. काय सांगाल तिला?"

सरांनी तावडेकडे बघितलं. "काय नाय, साहेब. जाऊन तिच्याशेजारी उभा राहीन. बोलणार नाय. घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाय."

मेजरसाहेबांनी पेपर पुढे ओढला आणि वर काहीतरी लिहिलं. ते अक्षर उलटं असल्यामुळे मला वाचता येईना. सर म्हणाले, "पास." ते त्यांनी मेजरसाहेबांच्या ओठांवरून वाचलं होतं, मेजर लिहिताना स्वतःशी पुटपुटत होते.

आम्ही त्यांना उचललं, आणि तेवढ्यात तावडे पडला, त्यामुळे सगळेच पडलो. धुळीत पडल्या पडल्या सरांनी भोंगा काढला. दुपारचे तीन वाजले होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी. मार्कशीट घेऊन मी बाहेर आलो, तर ऑफिसशेजारी स्टाफच्या नावांचा लाकडी फळा आहे ना, तिथे पेंटर शिडीवर चढला होता. खाली शिडी धरून धुरी सर. कॉलेजात शिडी धरायची झाली की तेच धरायचे. पेंटरनं पांढऱ्या रंगात 'श्री. वि. ग. धुरी, क्रीडा' एवढं लिहिलं होतं आणि ब्रश थांबवला होता. वरच्या प्रत्येक नावापुढे काही ना काही होतं, एम.ए., एम.एस्सी., कुणाला पीएच.डी.

"पुढे काय लिहू?" पेंटरनं वरून विचारलं.

सरांना ऐकू गेलं नाही. पेंटरचा चेहरा फळ्याकडे होता. मी म्हणालो, "सर, तो विचारतोय, नावापुढे काय लिहू."

सरांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली, मान वर करून आपल्या नावाकडे बघितलं आणि हसले.

"थोडी जागा सोड म्हणावं," ते म्हणाले. "पोरगो अजून शिकता हा."